उजवा बूट चावतोच

नंबरकाका आधी माणसाच्या पायांकडे बघतात, तोंडाकडे नंतर. बुटांच्या दुकानात लहान मुलांच्या विभागात ते एकतीस वर्षे काम करत आहेत. दारातून आत येणारे मूल काउंटरपाशी पोहोचण्याआधी त्याचा नंबर त्यांच्या तोंडून निघालेला असतो. "आठ." "अकरा." "बारा, पण डावा पाय जरा रुंद आहे." लाकडी मापपट्टी शेजारी टांगलेली असते, ती ते वापरतात, पण आईबापांच्या समाधानासाठी. त्यांचे खरे नाव दुकानाच्या हजेरीपुस्तकात आहे. ते उघडून बघायची वेळ अजून कुणावर आलेली नाही.

त्यांची खरी प्रसिद्धी मात्र दुसऱ्याच कारणाने आहे. मूल शाळेत घालायला तयार झाले की नाही, हे नंबरकाका पाच मिनिटांत सांगतात.

ही परीक्षा त्यांनी शोधून काढली नाही, ती घडली. अकरा वर्षांपूर्वी ऐन गर्दीत त्यांनी चुकून एका मुलीच्या एका पायात नऊ आणि दुसऱ्यात आठ नंबर चढवला. मुलगी आरशापर्यंत चालत गेली, परत आली आणि म्हणाली, "काका, हा दुसऱ्या कुणाचा तरी आहे." तिची आई महिनाभर यंदा पाठवू की पुढच्या वर्षी, या घोळात होती. नंबरकाका म्हणाले, "पाठवा. हिचं काही अडणार नाही." अडले नाही. आईने ही गोष्ट चार जणींना सांगितली, त्या चौघी आपापली मुले घेऊन आल्या आणि तेव्हापासून नंबरकाका तीच चूक मुद्दाम करत आले आहेत.

परीक्षेचे तत्त्व साधे आहे. एका पायात बरोबर नंबर, दुसऱ्यात एक नंबर लहान. मुलाने आरशापर्यंत जाऊन यायचे. जे मूल भोकाड पसरते ते अजून घरचे आहे. जे आईच्या तोंडाकडे बघते त्याला थोडा वेळ द्यावा. सगळ्यात काळजीचे ते मूल, जे काही न बोलता लंगडत जाऊन येते आणि विचारले तर 'छान आहे' म्हणते. "हे मूल वर्गात शू लागली तरी सांगणार नाही," नंबरकाका म्हणतात. "डब्याचं झाकण निघत नसेल तर तसाच बंद डबा घरी आणेल. एक वर्ष थांबा." आणि जे स्वच्छ सांगते, 'हा चावतोय, इथे', ते पास.

एवढी ख्याती झाल्यावर शिकवण्या सुरू होणारच. एका वडिलांनी मुलाकडून घरी पंधरा दिवस तयारी करून घेतली. मुलगा दुकानात आला, स्टुलावर बसला आणि खोका उघडायच्या आत म्हणाला, "हा चावतो."

"आधी घाल तरी," नंबरकाका म्हणाले. त्यांनी त्या दिवशी दोन्ही बूट बरोबर नंबरचे दिले.

"हा चावतो."

"कुठे?"

मुलाने जरा विचार केला आणि शेजारी उभ्या असलेल्या थोरल्या बहिणीकडे बोट दाखवले. बहीण म्हणाली, "एकदाच चावले होते, आणि ते त्याने माझी वही फाडली म्हणून." वडील खोका न घेताच गेले.

शाळेचे म्हणणे असे की पाच पूर्ण व्हायला थोडे महिने कमी असलेली मुले यंदाही चालतील, पुढच्या वर्षीही चालतील, पालकांनी ठरवावे. अर्जाच्या शेवटी एक ओळ आहे: 'पालकांच्या मते मूल शाळेसाठी तयार आहे काय? होय / नाही.' गावातले अर्धे पालक ही ओळ भरायच्या आधी बुटांच्या दुकानात येतात.

यंदा ही ओळ नंबरकाकांच्याच घरात आली.

त्यांच्या नातीला घरात भिंगरी म्हणतात. ती उभी राहिली तरी कुठला ना कुठला भाग फिरत असतो. तिचे वडील जहाजावर असतात आणि चार-चार महिने घरी नसतात. आई, म्हणजे नंबरकाकांची सून, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. भिंगरी झाल्यापासून ती फक्त संध्याकाळचे चार तास जात होती. आता प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी तिला दिवसपाळीची कायमची जागा देऊ केली होती आणि उत्तर शुक्रवारपर्यंत हवे होते. शाळेच्या अर्जाची मुदतही शुक्रवारीच संपत होती. भिंगरी शाळेत गेली तर जागा घ्यायची, नाही गेली तर ती दुसऱ्या कुणाला तरी जाणार. सूनबाईंनी हे घरात एकदाच सांगितले आणि परत बोलल्या नाहीत. काकूंनी, म्हणजे नंबरकाकांच्या बायकोने, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी सकाळच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातले होते आणि टोपीही आणली होती. ती टोपी त्या कधी कधी भाजी चिरताना घालून बघत. त्यामुळे दिवसभर नात सांभाळण्याचा प्रश्न त्यांनी न बोलता निकालात काढला होता.

"बाबा, तुम्हीच सांगा," सूनबाई सोमवारी म्हणाल्या. "सगळ्या गावाला सांगता. पण घरची म्हणून सूट नको. तयार नसेल तर नाही म्हणा, मी थांबेन."

"सूट कसली? पाय म्हणजे पाय."

काकू म्हणाल्या, "तिला आधी एक मोजा सांभाळता येऊ दे. घरातून दोन घालून जाते, येते तेव्हा एक."

हे खरे होते. भिंगरीच्या मोज्यांचे घरात कुणालाच कोडे सुटत नव्हते. कपाटाचा एक खण नुसत्या एकट्या मोज्यांनी भरला होता: पिवळा एक, ठिपक्यांचा एक, सशाचा एक. जोडीदार कुठे गेले ते विचारले की भिंगरी म्हणे, "आहेत."

मंगळवारी दुपारी सूनबाई तिला दुकानात घेऊन आल्या. नंबरकाकांनी तिला इतर कुणालाही देतात तसे स्टूल दिले. डाव्या पायात दहा, उजव्यात नऊ. समोरच्या मोठ्यांच्या काउंटरवरचे दोघे विक्रेते आणि मालक आपापली कामे टाकून बघत उभे राहिले, कारण इतक्या वर्षांत परीक्षकाच्या घरचा उमेदवार पहिल्यांदाच बसला होता.

भिंगरीने डावा बूट घातला. उजवा अर्धा घातला, काढला, मोजा ओढून काढून फ्रॉकच्या खिशात कोंबला, मग बूट घातला. आरशापर्यंत गेली. आरशात स्वतःला जीभ दाखवली. परत आली.

"कसे आहेत?" नंबरकाकांनी विचारले.

"छान."

"दोन्ही?"

"दोन्ही. डावा जास्त छान."

"चावतंय का कुठे?"

भिंगरीने आजोबांकडे असे बघितले, जणू त्यांनी पाणी ओले आहे का असे विचारले होते. "उजवा चावतोच ना," ती म्हणाली आणि मोठ्यांच्या काउंटरवरचा बुटात टाच सरकवायचा लांब चमचा घेऊन त्याने मालकांशी तलवारबाजी करू लागली.

नंबरकाकांनी हे शेवटचे वाक्य ऐकले नाही असे नाही. पण विचारल्यावर, आणि तेही जाता जाता सांगितलेले, त्यांच्या हिशेबात धरत नाहीत. शिवाय परीक्षा चालू असताना मोज्याशी खेळ केला होता. त्यांनी नियमाप्रमाणे निकाल दिला.

"यंदा नको."

सूनबाईंनी मान डोलावली, मुलीचा हात धरला आणि गेल्या. अर्जावर 'नाही' मात्र त्यांनी लिहिले नाही; तो घडी घालून पर्समध्येच राहिला. प्रमुख बाईंना नकार कळवायचा फोन त्या दोनदा लावायला बसल्या आणि दोन्ही वेळा त्यांनी त्याऐवजी प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला लावला.

बातमी दुकानातून बाहेर पडायला चहा गार होण्याइतका वेळही लागला नाही. नंबरकाकांची नात नापास. बुधवारी सकाळी तीन बायका आल्या, ज्यांची मुले आधीच पास झाली होती. "काका, तुमच्या घरची राहिली, मग आमचा कसा काय पास?" एकीने फेरतपासणी मागितली. तोंडपाठ 'हा चावतो' म्हणणाऱ्या मुलाचे वडील मुद्दाम दुकानावरून दोनदा गेले आणि दुसऱ्यांदा हसले. मालक म्हणाले, "काका, तुमच्या शब्दावर माझे खोके खपतात. लोकांना वाटायला नको की तुमचं घरातच चालत नाही."

"घरची म्हणून पास केली असती तर काय म्हणाला असता?"

"तेच म्हणालो असतो," मालक म्हणाले. "पण जरा हळू."

घरी काकूंनी पोहण्याची टोपी कपाटात ठेवली आणि कपाट जोरात लावले. जेवताना भिंगरी एकटीच बोलत होती. तिने शाळेत बसायची जागाही ठरवली होती, खिडकीशी, म्हणजे रस्त्यावर कोण कोण जाते ते बाईंना सांगता येईल.

"तू यंदा जाणार नाहीयेस, सोन्या," सूनबाई म्हणाल्या.

"मग कोण जाणार?" भिंगरीने विचारले. जागा रिकामी राहणार याचीच तिला जास्त काळजी होती.

गुरुवारी नंबरकाकांनी ठरवले की आपण उद्या स्वतः शाळेत जायचे आणि पुढच्या वर्षीसाठी नातीचे नाव आत्ताच टिपून घ्या असे सांगायचे. निकाल आपण दिला, तर तोंड आपणच दाखवावे. त्यासाठी त्यांनी संध्याकाळी आपले चांगले बूट काढले. काळे, चामड्याचे, दरवर्षी दोनदा पॉलिश होणारे आणि लग्नाकार्याशिवाय खोक्याबाहेर न येणारे. खुर्चीत बसून त्यांनी पाय घातला. पाय गेला नाही. त्यांनी चमचा लावला. तरी गेला नाही. एकतीस वर्षे गावाच्या पायांत बूट चढवलेल्या माणसाचा पाय स्वतःच्या बुटात जाईना.

"अहो, पाय सुजलाय का?" काकू म्हणाल्या. "माझ्याऐवजी तुम्हीच जा पोहायला."

नंबरकाकांनी बूट उलटा करून झटकला. एक पिवळा मोजा पडला. मग ठिपक्यांचा. मग ससा. मग बाकीचे, एकात एक गुंतलेले, लांबच लांब. दुसऱ्या बुटातूनही जवळजवळ तेवढेच निघाले. सगळे मिळून एकोणीस. काकूंनी कपाटाचा खण आणून जमिनीवर ओतला, आणि एकेका मोज्याला त्याचा जोडीदार मिळत गेला.

"भिंगरी," नंबरकाकांनी हाक मारली.

भिंगरी एका पायावर आली.

"हे इथे कुणी भरलं?"

"मी. दुकानात नव्या बुटांत कागद भरतात ना, आकार बिघडू नये म्हणून. तुझे बूट कायम नवेच असतात."

सूनबाई दारात येऊन उभ्या होत्या. "अगं, पण पायातले मोजे का काढतेस?"

"एकच काढते," भिंगरी म्हणाली. "उजवा. मोजा घातला की उजवा बूट चावतो. काढला की थोडाच चावतो. डाव्याला लागत नाही काढायला. उजवे बूट लहानच असतात."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. माझे सगळे तसेच आहेत."

नंबरकाका उठले. दारामागे भिंगरीचे रोजचे बूट होते, निळे, पट्ट्याचे. त्यांनी दोन्ही उचलले आणि तळाला तळ लावून धरले. डावा उजव्यापेक्षा नखभर पुढे आला. डाव्याच्या तळावर दहाचा आकडा होता. उजव्याचा आकडा पुसला गेला होता आणि बूट थोडा फिका होता.

"मी म्हटलं होतं," काकू म्हणाल्या, "उजवा उन्हाने विटलाय. तुम्ही म्हणालात, तुझे डोळे तपास."

दुकानाच्या शोकेसमध्ये फक्त उजवे बूट मांडतात. जागा कमी लागते आणि एकटा बूट कुणी चोरत नाही. मांडायला नेहमी लहान नंबर काढतात, कारण लहान बूट गोंडस दिसतो. गर्दीच्या दिवसांत कुणीतरी घाईने भलत्याच खोक्यातला उजवा ग्राहकाला देतो, आणि हंगाम संपला की चार-दोन खोक्यांत डावा खोक्यावरच्या नंबरचा आणि उजवा शोकेसमधला, एक नंबर लहान, असे विजोड उरतात. ते मालक नोकरांना देऊन टाकतात. भिंगरी चालायला लागल्यापासून तिच्या पायात आलेला प्रत्येक जोड असाच आला होता. दुकानात नंबरकाका दर ग्राहकाला बजावतात, 'खोक्यावर जाऊ नका, पाय बघा.' घरी आणताना ते खोक्यावरच गेले होते. खोक्यावर दहा लिहिले होते.

त्यांनी भिंगरीला खुर्चीत बसवले आणि फूटपट्टीने दोन्ही पाय मोजले. दोन्ही दहा.

"तू मला सांगितलं का नाहीस?" त्यांनी विचारले.

"सांगितलं की," भिंगरी म्हणाली. "लाल बूट आणलेस तेव्हा सांगितलं. तू म्हणालास, नवा बूट चावतोच, आठ दिवस घाल, सैल होतो. मी आठ दिवस घातला. मग परत आठ दिवस. मग निळे आणलेस तेव्हा परत सांगितलं. तू परत आठ दिवस म्हणालास. मग मी मोजा काढला."

हे वाक्य नंबरकाका दिवसाला वीस वेळा म्हणतात. दुकानातले सगळेच म्हणतात. त्याने ग्राहक घरी जातो.

पहिल्यांदा काकू हसल्या. त्या मोज्यांच्या ढिगाशेजारी बसून हसल्या, मग भिंतीला टेकून हसल्या, आणि मधेच थांबून "डावा जास्त छान" एवढेच म्हणून पुन्हा सुरू झाल्या. सूनबाईंनी तोंडावर ओढणी धरली होती, पण त्यांचे खांदे दिसत होते. भिंगरीला कशाला हसतात ते कळले नाही. हसू चालू आहे एवढे पुरेसे वाटून ती खोलीभर गरगर फिरू लागली.

नंबरकाका हसले नाहीत. ते दोन्ही बूट हातात घेऊन बसून राहिले.

"अर्ज कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"पर्समध्ये."

"होय कर."

"परवा नापास होती, बाबा. आज पास कशी?"

"पेपर तपासणारा चुकला."

"लेखी देता का?"

"सूनबाई, आता तू पण?"

"मला नाही हो. मालकांना दाखवायला."

नंबरकाकांनी अर्ज स्वतःच्या हाताने भरला. 'होय'भोवती त्यांनी इतक्या जोराने गोल काढला की तो मागच्या पानावरही उमटला. सूनबाईंनी प्रमुख बाईंना फोन लावला, या वेळी त्यांनाच, आणि सगळे मिळून अर्ध्या मिनिटात बोलणे संपवले. काकूंनी कपाटातून टोपी काढून डोक्यावर चढवली आणि ती रात्रीचे जेवण होईपर्यंत उतरवली नाही.

शुक्रवारी, अर्ज देऊन आल्यावर, भिंगरी दुकानात पहिल्यांदा ग्राहक म्हणून आली. खोका नवा, सीलबंद, पूर्ण किमतीचा. नंबरकाकांनी दोन्ही तळांवरचे आकडे मोठ्याने वाचले, मग मापपट्टीवर तिचे पाय ठेवले, मग बूट घातले, दोन्ही मोज्यांसकट. बोटांनी पुढचा भाग दाबून बघितला.

भिंगरी उभी राहिली आणि तिचा चेहरा पडला.

"आजोबा, उजवा नाहीये."

"आहे. पायातच आहे."

"नाही. मला कळतच नाहीये तो."

तिने उजवा पाय आपटला. मग दोन्ही आपटले. मग एक उडी मारली, आणि तिथून पुढे कुणाच्या हातात काही राहिले नाही. ती आरशाला हात लावून आली, मोठ्यांच्या काउंटरला वळसा घालून आली, खांबाभोवती तीनदा फिरली आणि दारातून बाहेर पळाली. पावती अजून फाडायची होती. एक विक्रेता खोक्याचे झाकण घेऊन तिच्यामागे, त्याच्यामागे सूनबाई, त्यांच्यामागे "अहो, जाऊ द्या, पैसे काकांच्या पगारातून" असे म्हणत मालक. ती औषधाच्या दुकानापर्यंत गेली, तिथल्या पायरीवरून उडी मारली आणि उलट पळत आली. फेरतपासणी मागणारी बाई नेमकी रस्त्यावर होती. तिने विचारले, "पास झाली का?" मालक धापा टाकत म्हणाले, "काका नापास झाले."

नंबरकाका स्टुलावरून उठले नव्हते. त्यांनी हंगामात उरलेल्या चार विजोड खोक्यांवर लाल पेनाने फुली मारली आणि ते माळ्यावर टाकले. परीक्षा त्यांनी बंद केली नाही. फक्त सुरू करण्याआधी मुलाच्या पायातले जुने बूट काढून तळाला तळ लावून बघायचे, एवढे वाढवले. आणि आठ दिवसांचे वाक्य सोडले. ते सोडणे सोपे गेले नाही. पहिल्या आठवड्यात तीनदा जिभेवर आले, तेव्हा त्यांनी खोकून वेळ मारून नेली.

शाळा सुरू झाली. सूनबाई दिवसपाळीला जाऊ लागल्या, काकू पाण्यात उतरू लागल्या आणि अजून कठडा सोडत नाहीत. भिंगरीला खिडकीशी जागा मिळाली नाही. ती त्याबद्दल रोज अर्ज करते.

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी एक बाई दुकानात आल्या. चाल बघूनच नंबरकाकांनी मनात म्हटले, पाच, उजवा पाय दुखतोय.

"तुम्ही नंबरकाका का? मी तुमच्या नातीची वर्गशिक्षिका." बाई थोड्या अवघडल्या होत्या. "तिने पाठवलंय. मी टेबलाखाली बूट काढून बसते, ते तिने बघितलं. सगळ्या वर्गासमोर म्हणाली, बाई, तुमचा उजवा चावतोय, मोजा काढून भागणार नाही, आजोबांकडे जा."

"बसा," नंबरकाका म्हणाले. "कधी घेतलेत?"

"महिना होऊन गेला. तेव्हाच बोलले होते मी, की घट्ट वाटतोय. तर दुकानदार म्हणाला, नवा चावतोच, आठ दिवसांत सैल होईल."

"हे लोक ना," नंबरकाका म्हणाले. "कुठलं दुकान?"

बाईंनी समोरच्या, मोठ्यांच्या काउंटरकडे बघितले. तिथला विक्रेता चटकन खाली वाकून खोके मोजू लागला.

नंबरकाकांनी भिंतीवरची मापपट्टी काढली, बाईंचे दोन्ही बूट मागितले आणि तळाला तळ लावले.